क्रॅबचे खेडे आणि धर्मग्रामाची वेस

आपला शेजारी कोण, असा प्रश्न एका शास्त्र्याने प्रभू येशूला केला होता. इंग्लंडने त्याचे उत्तर कायद्यातच लिहून ठेवले : जो आपल्या धर्मग्रामाचा, तोच आपला. १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाचा भार धर्मग्रामावर टाकला व त्यासाठी कर बसवला. १६६२ च्या कायद्याने मात्र त्या दयेला वेस घातली. वर्षाला दहा पौंडांहून कमी भाड्याच्या जागेत उतरलेला परका मनुष्य पुढे आपल्यावर भार होईल, अशी तक्रार चाळीस दिवसांत झाली, की त्याला मूळ धर्मग्रामात परत धाडता येई. १६९७ पासून मदत घेणाऱ्यांना उजव्या खांद्यावर कापडी बिल्ला लावणे सक्तीचे झाले.

या व्यवस्थेचे अंतरंग जॉर्ज क्रॅब या कवीने १७८३ साली ‘द व्हिलेज’ या दीर्घकाव्यात उघडे केले. खेडे म्हणजे सुखाचे आगर, ही कवींची जुनी समजूत त्याने खोडून काढली. मातीच्या भिंतींचे, मोडक्या दाराचे निराधारगृह त्याने दाखवले. तेथे आईबापांविना मुले आहेत, मुलांच्या मायेला पारखे झालेले वृद्ध आहेत, घाईने येऊन जाणारा वैद्य आहे आणि शिकारीत रमून मरणाऱ्याच्या खाटेकडे न फिरकणारा धर्मगुरूही आहे. गरिबाचे प्रेत कबरीशी येते तेव्हाही तो हजर नसतो. अंत्यविधी रविवारवर ढकलला जातो. हा प्रसंग वाचताना माझ्यासारख्याची मान खाली जाते. क्रॅब स्वतः अँग्लिकन धर्मगुरू होता. आपल्याच झग्यावरचा डाग दाखवायला धैर्य लागते. ते त्याच्यापाशी होते.

परंतु हे धैर्य अखेरपर्यंत टिकत नाही. दुसऱ्या भागात गरिबांचेही दुर्गुण सांगून झाल्यावर काव्य लॉर्ड रॉबर्ट मॅनर्स याच्या शोकस्तुतीत संपते. १७८२ साली मरण पावलेला हा नौदल अधिकारी रटलंडच्या ड्यूकचा भाऊ, आणि क्रॅब त्या ड्यूकच्या पदरी असलेला धर्मगुरू. कवी खाल्ल्या मिठाला जागला. निराधारगृहातून निघालेली कविता सरदाराच्या वाड्यात विसावली, ही या काव्याची खरी उणीव होय. धर्मगुरूला जाब विचारणारी लेखणी आश्रयदात्यापुढे नमली.

तरीही पहिला भाग वाचावाच, विशेषतः आम्हा धर्मगुरूंनी. शास्त्र्याला उत्तर देताना येशूने शोमरोन्याची गोष्ट सांगितली. तो परमुलखातला होता. १६६२ च्या कायद्याच्या वेशीवर त्याच्याकडेही आधी संशयानेच पाहिले गेले असते.