‘कासव’ : रस्त्यात जानकी भेटली नाही तर?

मंडळात मानसिक आरोग्यावर काही करायचं ठरलं की कुणीतरी ‘कासव’ सुचवतंच. सुचवणाऱ्याचं चुकत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटाला २०१६ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. निर्माते डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. नैराश्यावर इतका शांत, उपदेश न करणारा दुसरा मराठी चित्रपट मी पाहिलेला नाही. तरीही तो पाहताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. या गोष्टीत मदत मागावीच लागत नाही. ती गाडी थांबवून आपणहून येते.

आत्महत्येचा प्रयत्न करून हॉस्पिटलातून पळालेला एक तरुण (आलोक राजवाडे) आजारी अवस्थेत जानकीला सापडतो. जानकी (इरावती हर्षे) अमेरिकेतला संसार मागे ठेवून आलेली आणि कोकण किनाऱ्यावर कासव वाचवण्याच्या कामात दत्ताभाऊंना हातभार लावणारी. ती त्याला घरी आणते आणि थांबते. खोदून खोदून काही विचारत नाही. हे थांबणं दिग्दर्शकद्वयाने फार सुंदर दाखवलं आहे. आपल्याकडे ‘अरे, तुला कमी काय आहे?’ हे पहिल्या पाच मिनिटांत विचारून होतं. परदेशात तर जास्तच, कारण घर, गाडी, मुलांची शाळा सगळं समोर मांडलेलंच असतं.

पण स्लाउमध्ये किंवा लेस्टरमध्ये रात्री तीन वाजता छताकडे बघत पडलेल्या माणसाच्या वाटेवर जानकी येत नाही. त्याला स्वतःच तोंड उघडावं लागतं, आणि तिथे पहिली अडचण शब्दांची. ‘जीव घाबरा होतो’, ‘कशात मन लागत नाही’, ‘छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं’ हे जीपीसमोरच्या दहा मिनिटांत इंग्रजीत कसं सांगायचं? मग आपण डोकेदुखी सांगतो, अ‍ॅसिडिटी सांगतो. डॉक्टर अ‍ॅसिडिटीची गोळी देतात. त्यांचा काय दोष?

दुसरी अडचण लोकांची. गणपतीला, दिवाळीला, मुलांच्या मराठी शाळेत तीच चाळीस घरं भेटतात. कुणाला कळलं तर? व्हिसा, नोकरी, मुलीचं लग्न, भीतीला विषय कमी नाहीत. ‘कासव’मध्ये ही भिंत उभीच राहत नाही, कारण त्या किनाऱ्यावर त्या तरुणाला कुणीच ओळखत नाही. चित्रपटाची ही सोय आहे, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, त्यातलं खरं शहाणपण इथेच आहे. त्याला सावरतात ती परकी माणसं. जानकी आहे, तिचा ड्रायव्हर यदू (किशोर कदम) आहे, दत्ताभाऊ आहेत. कुणाचाही त्याच्यावर हक्क नाही, त्याच्याकडून अपेक्षा नाही. समुपदेशक हाही असाच परका माणूस असतो. आपलं कुणाला सांगत न फिरणं हे त्याच्या कामातच येतं. जीवाला गंभीर धोका असेल तर मात्र अपवाद.

म्हणून चित्रपट संपल्यावर ‘बघा, प्रेम आणि धीर असला की पुरे’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच अडवा. जानकी स्वतः नैराश्यातून गेलेली आहे आणि तिने त्यासाठी उपचारांची मदत घेतलेली आहे. हा धागा चित्रपटात आहे, पण समुद्र आणि कासवांची पिल्लं इतकी देखणी आहेत की तो प्रेक्षकांच्या लक्षातून निसटतो. माझी खरी तक्रार ही आहे. ती पहिल्यांदा कशी गेली, दारापर्यंत जाऊन परत फिरली का, हे मला पाहायचं होतं.

याच जोडीच्या ‘देवराई’त (२००४) स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषला त्याची बहीण उपचारांपर्यंत नेते. तिथे डॉक्टर आणि औषधं ठळक आहेत, पण पाऊल उचलते ती बहीण. स्वतःच्या पायाने जाणारी मुलगी दिसते ती २०१६ च्याच ‘डिअर जिंदगी’त. शाहरुख खान समुद्रावर फिरत फिरत थेरपी देतो हे सोडून द्या. झोप येत नाही म्हणून आलिया भट आपणहून त्याच्याकडे जाते, एवढं मात्र तो चकचकीत चित्रपट नीट दाखवतो.

तेव्हा मंडळात ‘कासव’ जरूर लावा, पण चहाच्या आधी दहा मिनिटं ठेवा. इंग्लंडमध्ये चिंता किंवा नैराश्यासाठी ‘एनएचएस टॉकिंग थेरपीज’कडे जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतःच नाव नोंदवता येतं, आणि दुभाष्या मागता येतो, हे सभागृहात मोठ्याने सांगा. अमेरिकेतल्या नातेवाइकांसाठी ९८८ हा नंबर द्या; जुलै २०२२ पासून तो देशभर चोवीस तास चालू आहे, मेसेजही करता येतो. आणि जीपीकडेच जाणार असाल, तर अ‍ॅसिडिटीचं शेवटी सांगा. किती दिवस झोप नाही, जेवण जातं का, जगणं नकोसं वाटतं का, हे आधी. आठवणार नसेल तर घरीच कागदावर मराठीत लिहा, खाली जमेल तसं इंग्रजी करा, आणि तो कागद सरळ त्यांच्या हातात द्या.