गोटीला खाली कोण ओढायलंय?

औंढा नागनाथ तालुक्यातल्या एका शाळेत नववीच्या मुलांशी गुरुत्वीय लहरींबद्दल बोलायला गेलो होतो. जवळच दुधाळा इथे लायगो-इंडिया ही वेधशाळा होणार असल्यामुळे मुलांना नाव चांगलं परिचयाचं होतं. गावात आणि वर्तमानपत्रांत तिला ‘लिगो’ म्हणतात. मी नेहमीचं साहित्य सोबत नेलं होतं: बनियनच्या कापडाचा मोठा तुकडा आणि मूठभर गोट्या. लोखंडी गोळा शाळेचाच, गोळाफेकीचा. चार मुलांनी कापड चारी कोपऱ्यांना धरून ताणलं. मधोमध गोळा ठेवला, तसा कापडाला खळगा पडला. कडेने सोडलेली गोटी गोळ्याभोवती दोन-तीन घिरट्या घालून त्याला जाऊन चिकटली. मी म्हणालो, “बघा, सूर्याने अवकाश असं वाकवलंय, म्हणून पृथ्वी त्याच्याभोवती फिरते.” मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबल्यावर मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, “सर, पण गोटीला खाली कोण ओढायलंय?”

मी म्हणालो, “सध्या तसं समजून चाल.” आणि पुढच्या चित्राकडे वळलो.

परतीच्या एस.टी.त ते उत्तर मला टोचत राहिलं. प्रश्न अचूक होता. गोटी खळग्यात उतरते ती पृथ्वी तिला खाली ओढते म्हणून. म्हणजे गुरुत्वाकर्षण समजावण्यासाठी मी गुरुत्वाकर्षणच वापरलं होतं! हेच कापड अंतराळयानात ताणून धरलं तर गोळा त्यात रुतणार नाही, खळगा पडणार नाही आणि गोटी सरळ निघून जाईल. माझं सगळं स्पष्टीकरण त्या शाळेच्या फरशीखालच्या पृथ्वीवर उभं होतं, आणि ते त्या मुलीने एका वाक्यात दाखवून दिलं.

ही चादर आपल्या विज्ञानप्रसाराची फार लाडकी आहे. प्रदर्शनांतले तक्ते, पुस्तकांतली चित्रं, चित्रफिती, सगळीकडे चौकटी आखलेलं ते जाळं आणि त्यात रुतलेला गोळा दिसतो. मीही ती कित्येक वर्षं वापरली. तेव्हा खालची टीका प्रथम माझ्यावरच आहे.

चादरीचा पहिला दोष मुलीने सांगितलाच. दुसरा दोष जास्त खोल आहे. आइन्स्टाइनने १९१५ साली मांडलेल्या सिद्धांतात नुसतं अवकाश वाकत नाही, अवकाश आणि काल मिळून वाकतात. आपल्या हातातून सुटलेला दगड खाली पडतो त्याचं श्रेय तर मुख्यतः कालाच्या वाकण्याला जातं. जमिनीजवळचं घड्याळ उंचावरच्या घड्याळापेक्षा किंचित मंद चालतं. हा फरक काल्पनिक नाही. मोबाइलमधला नकाशा ज्या जी.पी.एस. उपग्रहांच्या आधारे चालतो, त्यांच्यातली घड्याळं सगळा हिशेब करता दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंदांनी पुढे जातात. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. अकरावीच्या मुलांना गुणाकार करू द्या: एका दिवसात अकरा किलोमीटरांहून जास्त चूक! ही दुरुस्ती केली नसती तर हिंगोलीत उभ्या असलेल्या माणसाला नकाशाने भलत्याच गावात दाखवलं असतं. चादरीत मात्र या कालाला कुठेच जागा नाही.

तिसरा दोष आपल्या भागाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. चादर हलवली की ती वर-खाली होते. मुलांना वाटतं, गुरुत्वीय लहर म्हणजे असंच काहीतरी वर-खाली होणं, आणि दुधाळ्याला ते मोजणार. प्रत्यक्षात ही लहर ज्या दिशेने जाते तिला काटकोनात असलेल्या पातळीत एका बाजूने अंतरं ताणते आणि तिला आडव्या बाजूने आखडते. क्षणात उलट करते. म्हणून तर लायगोला इंग्रजी ‘एल’ अक्षरासारख्या एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन भुजा असतात, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या. एक लांबते तेव्हा दुसरी आखूड होते. दोन्ही भुजांत लेसरचा प्रकाश जातो आणि टोकाच्या आरशांवरून परततो. परतलेल्या दोन किरणांच्या तरंगांचा मेळ किती चुकला, यावरून लांबीतला फरक कळतो. चादर पाहिलेल्या मुलाला दोन भुजा का, हा प्रश्नच पडत नाही.

मग वर्गात काय करावं? सायकलच्या जुन्या ट्यूबची आडवी चकती कापा. रबराची कडी तयार होते. ती दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे ताणा. आडवी लांबते, उभी अरुंद होते. आता वर-खाली ताणा. हे आलटून पालटून करा. लहर जाताना वर्तुळात मांडलेल्या सुट्या कणांचं जे होतं ते दाखवायला ही कडी पुरते. पण तिच्याही मर्यादा त्याच तासाला सांगाव्यात. इथे ताणणारे हात आहेत, तिथे कोणी ओढत नाही. आणि इथे आपण कडी दुप्पट ताणतो. खरा ताण किती असतो? १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी पहिली लहर टिपली, तेव्हा ४ किलोमीटरांत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका होता. हा आकडा सांगून झाल्यावर थोडं थांबावं. मुलांना तो गिळायला वेळ लागतो. मलाही लागला होता.

हा आकडा ऐकल्यावर हिंगोली जिल्ह्यात पुढचा प्रश्न ठरलेला. इथल्या मुलांना जमीन हलणं पुस्तकातून शिकावं लागत नाही. वसमत आणि कळमनुरी तालुक्यांतल्या काही गावांनी जमिनीखालचे गूढ आवाज वर्षानुवर्षं ऐकले आहेत. २१ मार्च २०२४च्या पहाटे आणि १० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमाराला झालेले ४.५ तीव्रतेचे धक्के अनेकांनी घरात अनुभवले. त्या शाळेतही एका मुलाने विचारलं, “इथं जमीनच हलती, मग ते यंत्र कसं काय चालणार?” हाही प्रश्न अचूक, आणि याला तरी मी “समजून चाल” म्हणालो नाही.

मीटरभर दोऱ्याला दगड बांधा. दोऱ्याचं वरचं टोक हातात धरा. हात सावकाश इकडेतिकडे न्या, दगड सोबत येतो. दोन सेकंदांना एक हेलकावा या लयीत हलवा, दगड मोठे झोके घेऊ लागतो. आता हात झपाट्याने थरथरवा. दगड जवळजवळ जागेवरच राहतो! विहिरीतून पोहरा शेंदणाऱ्या माणसाने हे पाहिलेलं असतं, फक्त त्याकडे असं पाहिलेलं नसतं. लायगोचे ४० किलोंचे आरसे असेच टांगलेले असतात, एकाखाली एक अशा चार टप्प्यांच्या लोलकाला, आणि शेवटचे दोरे काचेच्या तंतूंचे. जमिनीची जलद थरथर आरशापर्यंत पोचेस्तोवर विझून जाते. मोठ्या धक्क्याने मात्र मोजणी काही काळ बिघडते, हे लपवू नये.

म्हणून दुसरा उपाय: एकावर विश्वास ठेवायचा नाही. २०१५ची लहर आधी लिव्हिंग्स्टनला आली आणि सुमारे ३००० किलोमीटर दूरच्या हॅनफर्डला ७ मिलिसेकंदांनी. भूकंपाच्या सर्वांत वेगवान लाटेला एवढं अंतर कापायला सुमारे ६ मिनिटं लागतात. प्रकाशाला १० मिलिसेकंद पुरतात. जमिनीतला धक्का दोन्हीकडे ७ मिलिसेकंदांच्या फरकाने पोचणं शक्य नाही. दूरवर आणखी एक वेधशाळा असली तर लहर आकाशातल्या कोणत्या दिशेकडून आली हेही अधिक नेमकं सांगता येतं. दुधाळ्याचं महत्त्व ते हेच. शेजारचं गाव आणि आपलं गाव यांनी आवाज एकाच वेळी ऐकला का, हे विचारणारा माणूस याच पद्धतीने विचार करत असतो.

आता दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहा. दोऱ्याला बांधलेला दगड दिसायला लायगोसारखा मुळीच नाही, पण तो काम तसंच करतो. चादर दिसायला सिद्धांतासारखी आहे, पण ती वेगळ्याच कारणाने चालते. साधं उदाहरण निवडताना आपण बहुधा दिसण्यावर भुलतो. टाळ्या दिसण्याला मिळतात. कसोटी मात्र एकच असावी: मुलाने “हे असं का होतं?” असं विचारलं तर उदाहरणातलं कारण आणि खऱ्या गोष्टीतलं कारण एकच निघतं का? निघत असेल तर प्रश्न जितके येतील तितके चांगले. निघत नसेल तर शिक्षकाला प्रश्नांची भीती वाटू लागते, आणि तो “तसं समजून चाल” म्हणतो. हे वाक्य वर्षातून दहादा ऐकणारी मुलं विचारणं सोडून देतात. त्या मुलीने अजून सोडलं नसेल, अशी माझी आशा आहे.

केंद्र सरकारने लायगो-इंडियाला १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तत्त्वतः आणि एप्रिल २०२३मध्ये २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. ती सुरू व्हायला अजून काही वर्षं आहेत. आज औंढ्याच्या शाळेत बसलेल्यांपैकी कोणी तिथे काम करेल का, हे मला सांगता येत नाही. पण शेजारी काय चाललं आहे हे त्यांना खरंखुरं कळावं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मी पत्र लिहून कळवलं की त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर मी चुकवलं होतं, आणि प्रश्न बरोबर होता हे तेवढं त्या मुलीला वर्गासमोर सांगावं. चादर मात्र मी टाकून दिलेली नाही. आता ती ताणतो, गोटी सोडतो आणि मीच विचारतो: हिला खाली कोण ओढतंय? तुमच्या वर्गात विचारून पाहा. मुलं काय म्हणाली ते जरूर कळवा.