परात्मता आणि परकेपण : भाड्याच्या खोलीचा प्रश्न

‘महानगरीय जाणीव’ ही संज्ञा वापरताना मराठी समीक्षेने परात्मता आणि परकेपण या दोन अवस्थांमध्ये पुरेसा भेद केलेला नाही. परात्मता ही स्वतःच्या खोलीत बसून शहराकडे पाहणाऱ्याची अवस्था होय. परकेपण हे ज्याला खोलीच नाकारली जाते त्याच्यावर लादलेले असते. पहिल्या अवस्थेत व्यक्ती समूहापासून तुटते, दुसरीत समूह व्यक्तीला तोडतो. हा भेद मान्य केल्यास शहराच्या उदारतेची कसोटी कामाच्या ठिकाणापेक्षा शेजारात शोधावी लागते.

बाबुराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ (संग्रह १९६३) ही कथा या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवी. रेल्वेतील नोकरीसाठी सुरतेलगतच्या उधन्याला आलेल्या निवेदकाला नोकरी मिळालेली आहे. त्याचा प्रश्न आहे तो खोलीचा. जात विचारली जाताच तो ‘मुंबईकर’ ही ओळख पुढे करतो. शहराचे नाव जातीच्या जागी ठेवता येईल, असा विश्वास या उत्तरामागे आहे. जात उघडकीस येताच त्याला मारहाण होते. वस्तुतः त्याने चोरले काहीच नाही. त्याने नागरिकत्व सांगितले. वस्तीच्या लेखी मात्र नागरिकत्व सांगणे हीच चोरी ठरते. शीर्षकातील उपरोध येथे आहे.

या अनुभवामागे एक ऐतिहासिक प्रसंगही उभा आहे. १९१७ मध्ये बडोद्याच्या सेवेत रुजू होण्यासाठी आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पारशी नाव धारण करून पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. तेथेही संस्थानाने अधिकारपद दिले. शहराने निवारा दिला नाही.

यावरून उदार मुंबई आणि कर्मठ शेजारी शहरे अशी विभागणी करणे सोपे आहे, परंतु ती टिकत नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कामगारांच्या वस्त्याही बव्हंशी जात, गाव आणि भाषा यांनुसार वसल्या. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधील (१९५८) आपुलकी खरी आहे, परंतु ती प्रामुख्याने पांढरपेशा भाडेकरूंची आपुलकी आहे. तेथे खोली कोणाला मिळाली नसती, हा प्रश्न त्या विनोदाच्या कक्षेबाहेर राहतो. पुस्तकाचे मोल त्याने उणावत नाही. मात्र चाळ म्हणजेच मुंबईचे सामावून घेणे, हे आपण त्यातून काढलेले अनुमान तपासावे लागते.

१९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याला गेली. ठाणे महापालिकेच्या हद्दीतील या उपनगराने त्यांना सामावून घेतले, असे म्हणताना क्रियापदाचा कर्ता तपासणे आवश्यक आहे. भीतीने आणि नकाराने ज्यांना ढकलले, त्यांनी एकमेकांच्या आधाराने उभारलेली ती वस्ती आहे. तिला ‘त्यांची वस्ती’ म्हणणारी भाषा बळजबरीचे रूपांतर निवडीत करते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी ग्राह्य मानला. अल्पसंख्य समूहाला असे एकत्र राहणे संरक्षक वाटू शकते, हे खरे; परंतु तीच तरतूद बहुसंख्याकांच्या हाती आल्यास उंबरठ्यावरील जुन्या प्रश्नाला नियमाचे रूप मिळते.

पदव्युत्तर वर्गात बागूलांची ही कथा शिकविताना दोष उधन्यावर आणि भूतकाळावर टाकून मोकळे होण्याची सोय आपण विद्यार्थ्यांना देतो. त्याच वर्गातील एखादा विद्यार्थी घरमालकासमोर आपले आडनाव सांगताना अडखळत असेल, तर कथेचे निवेदन अद्याप संपलेले नाही. महानगरीय साहित्याच्या समीक्षेने त्या अडखळण्यापासून आरंभ करावयास हवा.