देऊळ, वखार आणि बाहेर ठेवलेले

जॉन म्यूर यांचे ‘माय फर्स्ट समर इन द सिएरा’ (१९११) हे पुस्तक मी वाचले. पाइनची झाडे, हिमनद्या, खारी यांच्यावर हा लेखक जीव ओवाळून टाकतो. पण वाटेत आदिवासी भेटले की त्याला दिसतो त्यांच्या अंगावरचा मळ. हा मळ शोधणारा डोळा आपल्या ओळखीचा आहे.

अमेरिकेतील भूसंरक्षणाचा इतिहास म्यूर आणि गिफर्ड पिंचो यांच्या वादाभोवती रचला जातो. एकाला रान देवळासारखे राखायचे होते, दुसऱ्याला हिशेबाने वापरायचे होते. १९१३ च्या कायद्याने हेच हेची खोऱ्यात धरणाला परवानगी मिळाली. पिंचोंची सरशी झाली. मला हे भांडण दुसऱ्याचे घर बळकावलेल्या दोघा भावांचे वाटते. देवळात काय, वखारीत काय, मूळ रहिवाशाला जागा कोठे होती?

१८६८ च्या तहाने बॅनॉक जमातीला मोकळ्या सरकारी जमिनीवर शिकारीचा हक्क दिला होता. वायोमिंग राज्य झाले म्हणून तो संपला, असे सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये ठरवले. तो युक्तिवाद टिकणारा नाही, हे त्याच न्यायालयाने क्रो जमातीच्या एका शिकाऱ्याच्या खटल्यात मान्य केले ते २०१९ मध्ये, आणि तेही पाच विरुद्ध चार मतांनी.