जीपखालून लिहिलेले परीक्षण

पुस्तकाचं परीक्षण लिहिणाऱ्याने पुस्तक वाचलेलं नसलं तरी चालतं, पण तो आरामखुर्चीत बसलेला असावा, असा आपल्याकडे संकेत आहे. मी मात्र हा ग्रंथ उताणा पडून वाचला. छातीवर पाना आणि कपाळावर नव्वद नंबरचं तेल, अशा अवस्थेत. तेव्हा माझ्या मताला थोडं वजन द्यावं, ही विनंती.

ग्रंथ म्हणजे जीपदुरुस्तीचं जाडजूड इंग्रजी मॅन्युअल. मुखपृष्ठ गळालेलं, रद्दीवाल्याकडचं. जीप सासऱ्यांची, विलीज घराण्यातली. 1941 पासून लष्करी जीपच्या पोटात जी स्पायसर 18 ट्रान्सफर केस असे, तिच्याच वंशातली हिची. गिअरबॉक्सकडून आलेली ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारा हा डबा; थोडक्यात, आमचं क्लिअरिंग खातं. चढावर लो गिअरचा दांडा आपोआप सुटायचा, आणि सासरे याच जीपमधून आंब्याच्या पेट्या घेऊन घाटी चढतात. मे महिन्यात कोकणात गेलो आणि मेहुण्याला म्हणालो, "मिस्त्री कशाला? पुस्तक आहे ना!"

आधी गुण सांगतो. चित्रं अप्रतिम. डब्याचे सगळे भाग हवेत सुटे तरंगताहेत, कार्य आटोपल्यावर पांगलेल्या वऱ्हाडासारखे; फक्त इथे प्रत्येकाला नंबर आहे. भाषा अशी की तिच्यापुढे आमच्या हेड ऑफिसची परिपत्रकं प्रेमपत्रं वाटावीत.

दोष एकच, पण तो जिवावरचा. हा लेखक 'कसं' सांगतो, 'का' सांगत नाही. मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडा, म्हणतो. मेहुण्याने हँडब्रेक ओढला, मी खाली शिरून बोल्ट काढले. शाफ्ट सुटला आणि जीप शांतपणे विहिरीच्या दिशेने निघाली. या जीपचा हँडब्रेक चाकांना नसतोच! त्याचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाला. शाफ्ट सोडला की ब्रेक आवळलेला राहतो, पण चाकांना त्याचा पत्ताच नसतो. सासूबाईंनी कोकमांच्या चटईवर ठेवायला आणलेला चिरा चाकापुढे पडला होता, म्हणून हे परीक्षण लिहायला मी आहे. तशी सूचना पुस्तकात नाही असं नाही. आहे; ब्रेकच्या प्रकरणात, दीडशे पानं पुढे.

डबा उघडायला अकरा पानं, आणि परत बसवायला एक वाक्य: आलात तसे उलटे जा. आम्ही गेलो. नव्या स्प्रिंगा घातल्या, दांडा सुटेना, मेहुण्याने शिट्टी वाजवली. बशीत शिल्लक राहिली एक लोखंडी गोळी, दोन्ही टोकांना गोल, औषधाच्या कॅप्सूलएवढी.

"भाऊजी, गाडी चालतेय ना? द्या फेकून."

अरे, संध्याकाळी कॅशमध्ये एक रुपया जास्त भरला तरी आम्ही घरी जात नाही! गोळी काडेपेटीत घातली, म्हणजे सस्पेन्स खात्यात टाकली, आणि रात्रभर कूस बदलत राहिलो. चित्रात गोळीला नंबर होता, नावही होतं. ती तिथे कशासाठी, याबद्दल अवाक्षर नाही.

सकाळी काडेपेटी घेऊन मिस्त्रीकडे गेलो. चहाचा कप खाली न ठेवता तो म्हणाला, "ही दोन दांड्यांच्या मध्ये बसते. पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडूच देत नाही. नाहीतर सगळा जोर एकट्या मागच्या एक्सलवर. घाटीत मोडला तर?"

घाटीत सासरे असतात.

पुन्हा सगळं उघडलं. सहा तास गेले. मेहुणा बोलत नव्हता.

पुस्तक आता सासुरवाडीलाच आहे. दीडशे पानं पुढची ती सूचना कापून मी पहिल्या पानावर डकवली, आणि खाली पेन्सिलीने मराठीत लिहिलं, 'आधी चाकापुढे चिरा.' तो चिरा मात्र सासूबाईंनी त्याच दिवशी परत नेला.