बखाची कादंबरी आणि बाजारातले गाइड

मुल्कराज आनंद यांची 'अनटचेबल' ही इंग्रजी कादंबरी १९३५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. आज ती आपल्याकडे इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना अभ्यासाला नेमली जाते. कथानक अवघ्या एका दिवसाचे. पण मराठी माध्यमातून, खेड्यातून आलेल्या मुलाला ते जड जाते. पंजाबीतल्या शिव्या आणि बोलण्याच्या लकबी आनंदांनी जशाच्या तशा इंग्रजीत उतरवल्या आहेत. शब्दकोशात त्या सापडत नाहीत. मग हा मुलगा मदत शोधतो. बाजारातले गाइड, सरांनी उतरवून दिलेल्या नोट्स, आता मोबाईलवरचा सारांश. त्याला हसणाऱ्या प्राध्यापकांनी एवढे ध्यानात घ्यावे, की ज्याच्या घरात पुस्तकांचे कपाट नाही त्याचे गाइड हेच कपाट असते. ते त्याने घेतले म्हणून माझी तक्रार नाही. ते गाइड काय सोपे करते आणि काय गिळून टाकते, हे मात्र तपासलेच पाहिजे.

गाइडाची चौकट ठरलेली असते. बखाचे स्वभावचित्र, कादंबरीतील सामाजिक निषेध, शेवटचे तीन उपाय. बाजारात शिवला म्हणून बखाला बसलेली थप्पड, त्याच्या बहिणीच्या, सोहिनीच्या अंगावर हात टाकून वर 'विटाळ झाला' म्हणून ओरडणारा पुजारी, वरच्या मजल्यावरून फेकलेली भाकरी, या साऱ्याचे गुणांच्या हिशेबाने मुद्दे होतात. ज्या मुलाच्या आजीने असली भाकरी पदरात झेलली आहे, त्याला हा भाग कोणी समजावून द्यावा लागत नाही. वर्गात समजावण्याची पाळी खरे तर त्याची. पण तो मागच्या बाकावर खाली मान घालून बसलेला असतो, आणि पाटाखाली ज्यांचे पाय कधी भाजले नाहीत ते 'करुणरसा'वर बोलत असतात.

कादंबरीला ई. एम. फॉर्स्टर यांची प्रस्तावना आहे. तिच्यात ते म्हणतात त्याचा आशय असा : युरोपीय माणसाला हे पुस्तक लिहिता आले नसते, कारण त्याला पुरेशी माहिती नाही; आणि अस्पृश्यालाही लिहिता आले नसते, कारण तो संताप आणि आत्मकरुणा यांत गुंतून पडला असता. म्हणजे जळणाऱ्याने आगीविषयी बोलू नये! या विधानावर वर्गात प्रश्न उभा राहिला पाहिजे. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले. १९९७ साली ओमप्रकाश वाल्मीकींचे 'जूठन' आले. वाल्मीकी बखाच्याच, चुहडा समाजातले. शाळेत शिकायला गेलेल्या या मुलाच्या हाती हेडमास्तरांनी झाडू दिला होता. 'अनटचेबल' वाचताना अडलेल्या विद्यार्थ्याच्या हाती 'जूठन' दिले, तर दहा गाइडांचे काम होईल.

आता ते तीन उपाय. मिशनरी हचिन्सन येशूकडे बोलावतो. गांधीजी सभेत हरिजनांना दारू सोडा, मेलेले ढोर खाऊ नका, उष्टे घेऊ नका असे सांगतात. हे ऐकताना महात्मा आपल्यालाच दोष देतो आहे असे बखाला क्षणभर वाटते. ही जागा फार मोलाची. तिसरा उपाय कवीचा, मैला वाहून नेणाऱ्या यंत्राचा. विद्यार्थी तिन्ही पाठ करतो. चौथा रस्ता पुस्तकातच नाही, मग गाइडात कोठून येणार? १९२७ साली महाडचे पाणी पेटले होते. १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. महाराष्ट्र लांब म्हणावा, तर खुद्द पंजाबात १९२६ पासून मंगूराम यांची आदिधर्म चळवळ उभी होती, आणि १९३१ च्या जनगणनेत चार लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म 'आदिधर्म' असा नोंदवला होता. कादंबरी आली त्याच वर्षी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली. पुढच्या वर्षी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांचे भाषण न पेलल्याने परिषदच रद्द केली. ते भाषण 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' म्हणून छापलेले आहे. आनंदांचा कळवळा खरा, त्यांची लेखणी धारदार, हे मी मानतो. पण त्यांच्या बुलाशहा गावात आपल्या माणसांची एकही सभा भरत नाही. बखाचे भले कोण करणार, हे दुसरेच ठरवतात. ही उणीव वर्गात बोलली गेलीच पाहिजे.

आणि यंत्राचे म्हणावे, तर ते आले. शहरोशहरी फ्लश आला. १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. तरी गटारात माणसे उतरतात, गुदमरून मरतात, आणि त्यांची जात विचारावी लागत नाही.

कादंबरीत एक लहानसा प्रसंग आहे. गाइडे त्याला एखादी ओळ देतात, फार तर. बखाने इंग्रजीचे पहिले पुस्तक विकत घेतले आहे, पण मुळाक्षरांपुढे गाडी गेलेली नाही. तो बाबूच्या थोरल्या मुलाला शिकवायची विनंती करतो, वर धड्यामागे एक आणा कबूल करतो. शिकवणी लावण्याची ही धडपड आपल्या विद्यार्थ्याने वाचावी. मदत शोधणारा तो एकटा नाही. त्याच दिवशी हॉकीच्या खेळात दगडफेक होते, त्या बाबूच्या धाकट्या मुलाला लागते, आणि बखा त्याला उचलून घरी पोचवतो. तिथे त्या मुलाची आई विटाळ केला म्हणून बखालाच शिव्या देते. आण्याचा तो धडा कादंबरी संपेपर्यंत होत नाही.