क्रमपाळी कोण लावतो?

संगणकाच्या उपयोगांवरचा शालेय धडा बहुतेक ठिकाणी एकाच साच्याचा असतो. संगणक वेगवान आहे, तो थकत नाही, तो चूक करत नाही. म्हणून बँका, रेल्वे, कारखाने आणि दुकाने यांच्या कारभारात त्याचा वापर होतो. पुढे संगणकाच्या भागांची नावे येतात आणि धडा संपतो. यातले एकही विधान सपशेल खोटे नाही. तरीही उद्योगधंद्याच्या कारभारात संगणक नेमके काय करतो, हे त्यातून कळत नाही. उलट, कारभार संगणकाकडे सोपवला की तो आपोआप सुधारतो, असा समज मुलांच्या मनात घर करतो. मोठी माणसेही या समजातून सुटलेली नाहीत.

हा समज तपासून पाहण्यासाठी पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड ही तालुक्यांची जोडी फार सोयीची आहे. दोन्ही तालुके शेजारी, मध्ये भीमा नदी. शिरूर तालुक्यात पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. तेथे फ्रिज आणि मोटारी बनवणारे मोठे कारखाने उभे राहिले. त्याच तालुक्यात न्हावऱ्याला घोडगंगा सहकारी साखर कारखाना आणि नदीपलीकडे दौंड तालुक्यात पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना उभारला गेला. सुटे भाग जोडण्याचा उद्योग आणि ऊस गाळण्याचा उद्योग अशा दोन्ही प्रकारच्या कारभाराचा विचार येथे एकाच परिसरात करता येतो. पुढे दिलेले आकडे कोणत्याही विशिष्ट कारखान्याचे नाहीत. केवळ गणित समजावे म्हणून ते घेतले आहेत.

बिजागऱ्यांचे गणित

समजा, एका कारखान्याला पुढच्या महिन्यात 1000 फ्रिज बनवायचे आहेत. प्रत्येक फ्रिजला 2 बिजागऱ्या लागतात, म्हणजे एकूण 2000. कोठारात 600 शिल्लक आहेत आणि 400 वाटेवर आहेत. तेव्हा आणखी 1000 मागवायला हव्यात. पुरवठादाराला 10 दिवस लागत असतील, तर मागणी त्या हिशेबाने आधी जायला हवी. हे गणित पाचवीच्या मुलालाही जमेल. अडचण एवढीच, की फ्रिजमध्ये शेकडो सुटे भाग असतात, प्रत्येकाची शिल्लक रोज बदलते आणि प्रत्येकाचा पुरवठादार वेगळा असतो. जोसेफ ऑर्लिकी या अभियंत्याने 1960 च्या दशकात हे सारे गणित संगणकाकडून करून घेण्याची पद्धत विकसित केली आणि 1975 साली तिच्यावर पुस्तक लिहिले. कारखान्याचा सगळा कारभार एका प्रणालीत बांधणाऱ्या आजच्या मोठ्या आज्ञावल्या याच गणितातून वाढल्या आहेत.

येथे संगणकाचा वेग खरोखर उपयोगी पडतो. पण आता एक लहानसा बदल करू. संगणकात 600 बिजागऱ्यांची नोंद आहे आणि फळीवर प्रत्यक्षात 450 च आहेत. काही खराब निघाल्या, काही दुसरीकडे वापरल्या गेल्या, पण नोंद बदलायची राहून गेली. संगणक न चुकता 1000 चीच मागणी करील आणि महिनाअखेरीस 150 बिजागऱ्यांवाचून 75 फ्रिज अडून राहतील. संगणकाने चूक केली नाही हे खरेच; पण फ्रिज अडले हेही तितकेच खरे. म्हणून अशा कारखान्यात कोठारातील माल ठराविक काळाने हाताने मोजला जातो. ज्या धड्यात हे मोजणे येत नाही, तो धडा अर्धाच आहे.

उसाची रांग

आता उसाकडे वळू. बिजागरी फळीवर महिनाभर पडून राहिली तरी बिघडत नाही. ऊस मात्र सजीव आहे. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस सुमारे 16 ते 18 महिन्यांनी, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पूर्वहंगामी ऊस 14-15 महिन्यांनी आणि जानेवारी-फेब्रुवारीचा सुरू ऊस सुमारे वर्षाने तोडणीस येतो. पक्व होऊन गेलेला ऊस उन्हाळ्यात शेतात उभा राहिला तर त्याचे वजन घटते. तोडल्यावर तर घड्याळ आणखी वेगाने धावू लागते. उसातील विकरामुळे साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन होते, शिवाय जिवाणूही आपले काम सुरू करतात. म्हणूनच तोडल्यापासून 24 तासांच्या आत गाळप व्हावे असे सांगितले जाते.

साहजिकच, कोणाचा ऊस कधी तोडायचा हा साखर कारखान्याच्या कारभारातला सर्वांत नाजूक प्रश्न आहे. त्या क्रमाला क्रमपाळी म्हणतात. शेतकरी लागणीची तारीख, क्षेत्र आणि जात यांची नोंद देतो. शेतकी विभाग त्यावरून तोडणीचा कार्यक्रम आखतो. मग टोळी आणि वाहन शेतात पोहोचते. पूर्वी हे वहीत होत असे, आता ते संगणकावर होते. यादी यंत्रातून निघते, म्हणून ती निःपक्षपाती असते असे मानले जाते. तसे खरोखर आहे का?

दोन शेतकरी घेऊ. एकाने 10 जुलैला को 86032 ही मध्यम-उशिरा पक्व होणारी जात लावली. दुसऱ्याने 5 ऑगस्टला कोसी 671 ही लवकर पक्व होणारी, साखर जास्त असणारी जात लावली. लागणीच्या तारखेने क्रम लावला तर पहिल्याचा ऊस आधी तुटतो. पक्वतेने लावला, म्हणजे शेतात जाऊन हाती धरायच्या रिफ्रॅक्टोमीटरने रसातील विद्राव्य घटक मोजले, तर कदाचित दुसऱ्याचा आधी तुटेल. पहिला नियम सर्वांना समजतो आणि सहज तपासता येतो. दुसऱ्याने कारखान्याचा उतारा वाढतो. दोन्ही नियमांच्या बाजूने बोलता येते, आणि संगणक दोन्ही सारख्याच तत्परतेने पाळतो. निवड मात्र माणसांनी केलेली असते. ती आज्ञावलीत शिरली की दिसेनाशी होते.

ही निवड शेतकऱ्याला कशी लागते ते पाहा. उसाचा रास्त व किफायतशीर दर साखर उताऱ्याशी जोडलेला आहे. 2024-25 च्या हंगामासाठी तो 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये होता. पण हा उतारा साऱ्या कारखान्याचा सरासरी असतो, एकेका शेतकऱ्याच्या उसाचा नव्हे. शेतकऱ्याचे स्वतःचे असे मोजले जाते ते फक्त वजन. त्यामुळे क्रमपाळी लांबली तर साखरेतली घट सर्वांत वाटली जाते, वजनातली घट मात्र ज्याचा ऊस उभा राहिला त्याच्या एकट्याच्या पदरी पडते. म्हणूनच रांगेत पुढे सरकण्यासाठी धडपड होते, टोळीला ‘खुशाली’ द्यावी लागल्याच्या तक्रारी येतात. ही देवघेव बांधावर होते. संगणकात तिच्यासाठी रकानाच नसतो.

जे यंत्राच्या आवाक्यात नाही

समजा, एका कारखान्याची क्षमता दिवसाला 3,500 टन आहे आणि हंगाम 150 दिवस चालतो. म्हणजे 5,25,000 टन ऊस गाळता येईल. नोंद मात्र 6,50,000 टनांची आहे. उरलेल्या 1,25,000 टनांचे काय? एकरी 40 टन धरले तर हा 3,000 एकरांहून जास्त ऊस झाला. क्रमपाळीची आज्ञावली कितीही चांगली असली तरी हा आकडा ती कमी करू शकत नाही. मागे कोण राहील एवढेच ती ठरवते. 2021-22 च्या हंगामात महाराष्ट्राने हे प्रत्यक्ष अनुभवले. विक्रमी ऊस आला, गाळप मे महिन्यानंतरही रेंगाळले आणि उभ्या उसासाठी राज्य सरकारला अनुदान जाहीर करावे लागले. संगणक तेव्हाही होतेच.

आणि त्या 6,50,000 टनांच्या नोंदीवर तरी किती विश्वास ठेवावा? ज्या भागात जवळजवळ अनेक कारखाने असतात, तेथे ऊस उभा राहण्याच्या भीतीने शेतकरी दोन ठिकाणी नोंद करू शकतो. त्याच्या दृष्टीने हे शहाणपणच आहे. पण मग एकच ऊस दोन संगणकांत दिसतो. दोन्ही कारखाने आपापल्या फुगलेल्या आकड्यांवर टोळ्या आणि वाहने ठरवतात, आणि ऊस जास्त आहे असे ऐकून आणखी शेतकरी दुबार नोंद करतात. कारखानदारीतही असेच घडते. माल टंचाईचा असला की खरेदीदार दोन पुरवठादारांकडे मागणी नोंदवतो. अमेरिकेतील जे फॉरेस्टर यांनी 1961 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात दाखवून दिले होते, की दुकानापासून कारखान्यापर्यंत जाताना मागणीतले लहान चढउतार मोठे होत जातात, आणि त्याचे कारण व्यवस्थेच्या रचनेतच असते. अशी चूक वेगवान यंत्राने दुरुस्त होत नाही. ती फक्त लवकर पसरते.

वजनकाट्याचेही तसेच आहे. काटा थेट संगणकाला जोडला की मधल्या कारकुनाचा हात निघून जातो, ही मोठी सुधारणा होय. पण काटाच चुकीचा बसवलेला असेल तर संगणक ती चूक प्रत्येक गाडीला इमानाने लावील. म्हणून प्रमाणित वजने ठेवून वैधमापनशास्त्र विभागाने काटा तपासण्याची गरज संपत नाही.

वारणेचा धडा

मग संगणकीकरण व्यर्थ आहे का? मुळीच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर परिसरात 1998 साली ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. आसपासच्या सुमारे 70 गावांसाठी संगणक केंद्रे काढण्यात आली. बाजारभाव, शिक्षण, आरोग्य, शासकीय माहिती हे सारे तेथून मिळेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात लोकांनी केंद्रांचा उपयोग केला तो मुख्यतः साखर कारखान्याच्या कामांसाठी: वजन, तोडणीची चिठ्ठी, खताची उचल. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधकांनी सात गावांत आठ महिने प्रयोग केला. केंद्रातील संगणकाच्या जागी त्यांनी साध्या मोबाइलवरील लघुसंदेश वापरले. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार संगणकाची सर्व कामे त्यावर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ती पद्धत अधिक आवडली.

या प्रकल्पाला फसलेला म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या उसाचे वजन किती झाले हे शेतकऱ्याला कोणाच्या मिनतवाऱ्या न करता कळणे ही लहान गोष्ट नव्हे. चुकले ते एवढेच, की आधी यंत्र ठरले आणि मग त्याला कामे शोधली गेली. उलट उदाहरण फार जुने आहे. व्यापारी कामासाठी नियमितपणे चालवलेला जगातला पहिला संगणक ‘लिओ’ हा लंडनच्या लायन्स या चहाची दुकाने चालवणाऱ्या कंपनीने स्वतः बांधला आणि 1951 साली त्यावर पहिले काम केले ते बेकरीच्या हिशेबाचे. पुढे दुकानांच्या रोजच्या मागणीचे काम त्यावर आले. प्रत्येक दुकानाची एक नेहमीची मागणी ठरलेली असे. दुकान सांभाळणारी बाई तिच्यातला बदल तेवढा दूरध्वनीवरून कळवी. म्हणजे उद्या पाव जास्त लागेल की केक, हे ज्या व्यक्तीला ठाऊक, तिचाच शब्द यंत्रात जाई. महाराष्ट्राच्या साखर आयुक्तालयाने 2022 साली ‘महा-ऊस नोंदणी’ हे मोबाइल ॲप आणले, त्यामागचा विचारही याच दिशेचा आहे: नोंद शेतकऱ्याने स्वतः करावी.

वर्गात काय करावे?

शिक्षकांनी हा विषय यंत्राशिवायही उत्तम शिकवता येईल. वर्गातील 20 मुलांना 20 कार्डे द्यावीत. प्रत्येकावर लागणीची तारीख, उसाची जात आणि टन लिहावेत. 5 मुलांनी कारखाना व्हावे. त्यांची क्षमता एकूण उसापेक्षा मुद्दाम कमी ठेवावी. प्रथम तारखेने, मग पक्वतेने, मग लहान शेतकरी आधी या नियमाने क्रमपाळी लावावी. प्रत्येक वेळी मागे कोण राहिले ते फळ्यावर लिहावे. चौथ्या फेरीत कार्डावर खोटी तारीख घालण्याची मुभा द्यावी आणि काय होते ते पाहावे. मुले भांडतील, आणि भांडू द्यावीत. नियम कोणी ठरवावा, तो भिंतीवर लावावा की नाही, नोंद चुकली तर दाद कोणाकडे मागावी, हे प्रश्न त्या भांडणातूनच निघतील.

शिरूर-दौंडच्या शाळांत बसणाऱ्या मुलांपैकी कित्येकांच्या घरी उसाची नोंद असते, काहींचे भाऊ-बहीण रांजणगावला कामाला जातात, आणि हंगामात काही बाके टोळ्यांबरोबर आलेल्या मुलांची असतात. ‘संगणक चूक करत नाही’ हे वाक्य या मुलांना पाठ करायला लावण्यापेक्षा, यादीत आपले नाव या जागी का आले हे विचारायला शिकवणे अधिक विज्ञाननिष्ठ ठरेल. ज्या कारखान्याला या प्रश्नाचे उत्तर यादीसोबतच देता येईल, त्याचे संगणकीकरण पुरे झाले असे म्हणावे.